तिसरा कप्पा

१. वस्तूचं नाव

खेळाची कॅसेट. टीव्हीला जोडायच्या यंत्रात वरून खोचायची, ती. गाण्याची नव्हे.

आमच्या संग्रहालयात बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा अर्ज भरावा लागतो. चौदा रकाने. हा अर्ज मीच बनवला, अठरा वर्षांपूर्वी, साधी सहायक असताना. तेव्हा लोक म्हणायचे, केवढे हे रकाने! आता मी इथली संचालक आहे आणि पहिल्यांदाच स्वतःची वस्तू त्यात भरायला बसले आहे, तर रकाने पुरत नाहीत. म्हणून हे सुटे कागद. ते अर्जाला जोडायचे नाहीत.

२. कोणत्या प्रदर्शनासाठी

"संचालकांचं वेड." शहरातल्या सहा संग्रहालयांच्या प्रमुखांनी स्वतःच्या वेडाची एकेक वस्तू द्यायची. सिनेमा, मालिका, गाणी, खेळ, काहीही. साठ शब्दांची पाटी लिहायची. उद्घाटनाला शनिवारी प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं. लोकांना कळू दे, आम्हीसुद्धा माणसं आहोत.

बैठकीत नाणी संग्रहालयाच्या प्रमुखांनी सुरुवात केली. गृहस्थ वीस वर्षांत हसल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

"माझ्याकडे एका नटाचा रुमाल आहे," ते म्हणाले.

"चोरलात?"

"त्याने गर्दीत फेकला. मी झेलला. माझ्याबरोबर आणखी अकरा जणांनी झेलला. त्यांच्याकडे चिंध्या आहेत. काठ माझ्याकडे आहे."

भुसा भरलेल्या प्राण्यांचं संग्रहालय सांभाळणाऱ्या बाईंनी एका जुन्या मालिकेतल्या खलनायिकेचं हसू हसून दाखवलं. शिपाई धावत आला. "काही नाही, काही नाही, मॅडमना हसू आलंय," असं म्हणून आम्ही त्याला परत पाठवलं.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"माझी खेळाची कॅसेट," मी म्हटलं. "म्हणजे माझ्या भावाची. त्याचा कप्पा अजून तिच्यात आहे."

कप्पा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. या खेळात तीन जणांना आपापला खेळ जिथे थांबवला तिथे ठेवून देता येतो. पुन्हा चालू केलं की तीन ओळी दिसतात: नाव, किती तास खेळलात, आणि आत्ता कुठे आहात. पहिला कप्पा माझा होता. तिसरा धाकट्याचा. मधला आम्ही रिकामा ठेवला होता, भांडण नको म्हणून. सीमारेषा.

"आणि त्यातलं सगळं अजून तसंच?" नाणेवाले म्हणाले. "किती वर्षं?"

"एकतीस."

ते हसले नाहीत, पण मान हलवली. त्यांच्या हिशोबाने ते हसण्याच्या जवळचंच.

३. मालक

मालकाच्या सहीशिवाय वस्तू आत घ्यायची नाही, हा आमचा पहिला नियम. नाहीतर उद्या कुणी येऊन म्हणायचं, ही तलवार माझ्या पणजोबांची.

कॅसेट एकतीस वर्षं माझ्या कपाटात आहे. मालक म्हणून माझंच नाव लिहिलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. पण ती आणली धाकट्याच्या अकराव्या वाढदिवसाला. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. धाकटा म्हणजे टिल्लू. आता सहा फूट उंच आहे आणि घराच्या कर्जांचे कागद तपासतो, पण टिल्लूच.

खरं सांगायचं तर मला सही नको होती. मला तो यायला हवा होता.

आमचं भांडण झालेलं नाही. झालं असतं तर निदान मिटवायला तरी कुणी मधे पडलं असतं. आई होती तोवर तिच्याकडून सगळं कळायचं. "टिल्लूला सर्दी झालीय." "ताईचं प्रमोशन झालं." ती दोघांकडचे निरोप इकडून तिकडे पोचवायची, आणि आम्हाला वाटायचं, आपण बोलतोय. चार वर्षांपूर्वी ती गेली. त्यानंतर तीन महिने कागदपत्रांवरून फोन झाले. कागदपत्रं संपली. त्याने नवीन घर घेतलं, ते मी पाहिलेलं नाही. तोही कधी इकडे आलेला नाही.

तर मी फोन केला.

"तुझी एक वस्तू माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "प्रदर्शनात ठेवतेय. तुझी सही लागेल."

"मेलवर पाठव."

"मेलवर नाही चालत. शाईची लागते." हे खोटं होतं. मेलवर चालते. "शनिवारी उद्घाटन आहे. तेव्हाच येऊन कर."

"ताई, सुट्टी काढावी लागेल. आहे काय वस्तू?"

"तुझा कप्पा. खेळातला. अजून जिवंत आहे."

"कसला कप्पा?"

"ये तर. बघशील."

तो हसला. चार वर्षांत पहिल्यांदा. "बरं. सही असेल तर येतो. ऑफिसात सांगायला कारण झालं."

फोन ठेवल्यावर मी पाहुण्यांच्या यादीत त्याचं नाव घातलं, पहिल्या रांगेत खुर्ची सांगितली, आणि मग उगाचच खिडकीची काच पुसली.

४ ते ८. लांबी, रुंदी, वजन, रंग, कशाची बनलेली

हे रकाने पुरले.

९. विशेष सूचना

"नाही."

इतकंच लिहिलं. घाई होती असंही नाही. अठरा वर्षं लोकांचे अर्ज तपासताना मी बघत आले आहे, सगळे इथे "नाही" लिहितात. मीही लिहिलं.

१०. केलेला उपचार

डॉक्टर म्हणजे आमच्या जतन विभागाचा प्रमुख. तो डॉक्टर नाही. पण पांढरा कोट घालतो आणि जुन्या खुर्चीकडेसुद्धा "कधीपासून होतंय हे?" अशा नजरेने बघतो, म्हणून डॉक्टर.

बुधवारी सकाळी तो खुशीत माझ्या खोलीत आला. हातात प्लास्टिकची इवलीशी पिशवी, तिला क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली.

"मॅडम, तुमचा पेशंट ठणठणीत. बॅटरी काढली."

"कुठली बॅटरी?"

"आत असते ना, बटणाएवढी. डाख देऊन बसवलेली होती. अलगद सोडवली. एकतीस वर्षं झाली तरी गळली नाही, नशीबवान आहात. नियम पंधरा, पान नऊ."

नियम पंधरा: आत बॅटरी असलेली कोणतीही वस्तू घेताना प्रथम बॅटरी काढावी. मीच लिहिलेला. तेव्हा एका बोलक्या बाहुलीच्या पोटात बॅटरी गळली होती आणि तिने बाहुली आतून खाऊन टाकली होती. त्या रागात मी नियम लिहिला. नियम चांगला आहे. अजूनही चांगलाच म्हणेन.

"डॉक्टर," मी म्हटलं, "त्या बॅटरीवर कप्पे टिकतात. ती काढली की पुसले जातात."

त्याने पिशवीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत पिशवीकडे.

"विशेष सूचना—"

"नाही, असं लिहिलंय. माहीत आहे."

"मी तीनदा वाचलं, मॅडम. तुमचा अर्ज म्हणून तीनदा वाचलं."

"तुमची चूक नाही."

"मग कुणाची?"

"पान नऊची."

तो हसला नाही. "परत बसवतो. आत्ता बसवतो," म्हणाला. मी म्हटलं, बसवा, पण आता ती रिकामी पाटी आहे. तो दारापर्यंत गेला, वळला. "आधीचा फोटो आहे. नियम सोळा. वस्तू चालत असेल तर चालू असताना फोटो काढायचा. काढलाय."

नियम सोळाही माझाच. एकाने मारलं, दुसऱ्याने फोटो काढून ठेवला.

११. छायाचित्र

तीन ओळी.

ताई. ५१ तास. राजवाडा.
रिकामा.
टिल्लू. १४३ तास. बोट.

हे मला पाठ होतं. दर दोनेक वर्षांनी, बहुतेक रविवारी, मी यंत्र काढायचे, कॅसेट खोचायचे, या तीन ओळी बघायचे आणि बंद करायचे. तिसरा कप्पा कधी उघडला नाही. दुसऱ्याच्या कप्प्याला हात लावायचा नाही, अशी आमची शपथ होती, आणि ती मोडायची परवानगी मागायला शपथेतला दुसरा माणूस घरात नव्हता.

बोटीचं मात्र मला कोडं होतं. खेळ बोटीवरच सुरू होतो. धुक्यात नांगर टाकलेली बोट, सहा खलाशी, एक टोपीवाला कप्तान. कप्तान विचारतो, उतरायचंय का? हो म्हटलं की खरा खेळ सुरू: जंगल, डोंगर, राजवाडा. मी चार मिनिटांत उतरले होते. आणि टिल्लू एकशे त्रेचाळीस तास खेळून बोटीवर?

मी माझ्यापुरतं उत्तर काढलं होतं. त्याने सगळा खेळ जिंकला असणार आणि शेवटी परत बोटीवर आला असणार, जुन्या शाळेत माणूस चक्कर मारतो तसा. माझ्यापेक्षा जवळजवळ तिप्पट खेळला आणि एका शब्दाने बोलला नाही. आहेच तसा.

१२. पाटीचा मजकूर (साठ शब्द)

मसुदा एक. "ही कॅसेट माझ्या भावाची आहे. आम्ही दोघं शेजारी बसून खेळायचो."
खोटं. आम्ही पाळीपाळीने खेळायचो, दार लावून.

मसुदा दोन. "या कॅसेटमध्ये एका अकरा वर्षांच्या मुलाचे एकशे त्रेचाळीस तास साठवलेले आहेत."
कालपर्यंत खरं.

मसुदा तीन. "या कॅसेटमध्ये"
तीन शब्दसुद्धा नाहीत. दोन.

छापखान्याला मजकूर पाच वाजता द्यायचा होता. आधी टिल्लूला सांगायला हवं होतं. बिचारा सुट्टी काढून येणार, पहिल्या रांगेत बसणार, आणि मी त्याला रिकामी ओळ दाखवणार. दुपारी जेवणाचा डबा उघडलाही नाही, आणि शेवटी साडेचारला मी फोन लावला.

१३. वस्तूची हकिकत

"वाईट बातमी आहे," मी म्हटलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग वाईट कशी?"

मी सांगितलं. बॅटरी, पान नऊ, डॉक्टर, सगळं. माफी मागितली. इतकी नीट मागितली की मलाच ती सरकारी पत्रासारखी वाटली.

"ताई, तो कप्पा माझा नव्हता."

"तिसरा. टिल्लू. एकशे त्रेचाळीस तास."

"नाव माझं आहे गं. मी तीनेक दिवस खेळलो असेन. मग सायकल आली ना. आई खेळायची."

"कोण आई?"

"कोण आई काय? आपली आई."

मी खुर्चीत बसलेलीच होते, तरी बसले असं वाटलं.

"दुपारी," तो म्हणाला. "आपण शाळेत असताना. मला गोवर निघाला होता बघ, आठवडाभर घरी होतो, तेव्हा कळलं. भांडी आवरून, हात पुसत टीव्हीसमोर बसली. मी झोपलोय असं वाटलं तिला."

"तिला खेळातली परकी भाषा कुठे वाचता यायची?"

"नव्हतीच येत. बोटीवर फिरायची नुसती. एकेका खलाशाजवळ जायची, बटण दाबायची, तो काहीतरी बोलायचा. मग पुढचा. सगळे झाले की परत पहिल्यापासून. मी पांघरुणातून म्हटलं, आई, तो टोपीवाला उतरायचंय का विचारतोय. खालचं बटण दाब, हो म्हण. पुढे केवढा खेळ आहे, जंगल आहे, राजवाडा आहे."

"मग?"

"म्हणाली, कशाला? पुढे गेलं की परत सगळी नवी माणसं. हे आता ओळखीचे झालेत."

त्या सुमाराच्या पाच वर्षांत आम्ही तीन गावं बदलली. बाबांच्या बदल्या. नव्या गावात आम्हाला सोमवारी शाळा मिळायची आणि बुधवारपर्यंत मित्रमैत्रिणी. बाबांना ऑफिस. आईला खोकी मिळायची, उघडायला आणि दोन वर्षांनी परत भरायला. त्यातल्या कुठल्या गावात तिची एखादी तरी मैत्रीण होती का, हे आठवायचा मी प्रयत्न केला. एक दूधवाली आठवली. ती आमच्याच घरी तेवढी थांबायची का सगळीकडेच, ते माहीत नाही.

आणि आणखी एक आठवलं. मी अभ्यास करत होते. आई मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "त्या टोपीवाल्याचं म्हणणं काय असतं गं?" मी वर न बघता म्हटलं, "तुला काय करायचंय? माझ्या कप्प्याला हात लावू नकोस हं, आई."

"तुझ्या नाही लावत," ती म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?" मी टिल्लूला विचारलं.

"तिनेच सांगितलं होतं, ताईला सांगू नको. हसेल म्हणाली."

हसले असते. चौदा वर्षांची मी नक्की हसले असते, आणि मैत्रिणींनाही सांगितलं असतं.

मग तो घसा खाकरून, कर्जाच्या कागदासारख्या आवाजात म्हणाला, "मग सही कशाला माझी? माझं नाहीच ते."

"नाही लागणार सही."

"म्हणजे शनिवारी..."

"शनिवारी तसं काही कारण नाही आता."

मी माणसांना वस्तूंसाठी बोलावते. तुमची तलवार बघू, तुमची भांडी बघू, या, चहा घ्या, सही करा. वीस वर्षांच्या नोकरीत कुणालाही नुसतं ये म्हटलेलं मला आठवत नाही. ते कसं म्हणतात, हेच मला ठाऊक नव्हतं.

"तरी ये," मी म्हटलं.

"येऊन काय करू?"

"काही करू नको. ये."

"बघतो," तो म्हणाला.

आमच्या घरात "बघतो" म्हणजे "नाही." हे बाबांनी आम्हाला पाळण्यात शिकवलं होतं. सहलीला जाऊ या? बघतो. कुत्रा आणू या? बघतो. त्यालाही ते ठाऊक होतं, मलाही. मी "बरं" म्हटलं. आता फोन ठेवायचा, इतकंच उरलं होतं.

"ताई, पण ते खलाशी म्हणायचे काय गं? मला एक शब्द आठवत नाही."

मला सगळे आठवत होते.

"दोराजवळचा म्हणायचा, आज धुकं आहे."

"हं."

"पिंपावर बसलेला म्हणायचा, स्वयंपाक अजून झालेला नाही."

"रोज?"

"रोज. कधीच व्हायचा नाही. तिसरा म्हणायचा, मी तीन वर्षं घरी गेलो नाही. चौथा झोपलेला असायचा. त्याचं काहीच नाही, नुसती टिंबं यायची."

"त्या झोपलेल्याशी ती फार बोलायची," टिल्लू म्हणाला. "पुन्हा पुन्हा बटण दाबायची. मला वाटायचं, उठवतेय." मग म्हणाला, "आणि पाचवा?"

"पाचवा म्हणायचा—"

त्याच्याकडे दाराची बेल वाजली; आज तो घरून काम करत होता.

"थांब हं, दाराशी कुणीतरी आलंय. ठेवू नको. पाचवा ऐकायचाय."

फोन कशावर तरी टेकवल्याचा आवाज आला. लाकूड असावं.

१४. शेरा

दार उघडलं. दाराला साखळी आहे, ती सरकली. एक पुरुषाचा आवाज लिफ्टबद्दल काहीतरी सांगत होता. टिल्लू "हो, हो, मीच तक्रार केली होती," म्हणाला. पुढचं ऐकू आलं नाही. दार लागलं. पावलं माझ्या जवळ आली आणि पुढे गेली. त्याच्या घरात पायताणं घालून फिरतात, लाकडासारखी वाजणारी. नळ सुटला. भांडं भरलं. नळ बंद झाला. कुठेतरी टीव्ही लागला, बातम्या असाव्यात, मग आवाज कमी केला. खुर्ची ओढली.

तो विसरला होता.

"टिल्लू," असं मोठ्याने म्हटलं असतं तर ऐकू गेलं असतं. मी म्हटलं नाही. फोन कानाला धरून बसले आणि त्या घराच्या खोल्या मोजायला लागले. दारापासून नळापर्यंत नऊ पावलं. टीव्ही डावीकडे. खिडकी उघडी असणार, कारण खालून गाडीचा भोंगा आला. कप बशीत ठेवला. म्हणजे तो अजून बशी घेतो. आई घ्यायची.

अकरा मिनिटं झाली तेव्हा आमची नोंदणी अधिकारी दारात आली. वस्तू आत आली की ही हजर, म्हणून तिला सगळे हजेरी म्हणतात. तिच्या हातात माझा अर्ज होता.

"मॅडम, पाच वाजत आलेत. छापखान्याचा माणूस खाली बसलाय. मालकाच्या रकान्यात काय लिहू?"

मी फोनच्या तोंडावर तळहात ठेवला, आमचा आवाज तिकडे जायला नको म्हणून.

"आईचं नाव लिही."

"बरं. आणि त्यांची सही?"

"सही नाही मिळणार."

हजेरीने ओठ मुडपले. तिला वाईट वाटत होतं, पण ती हजेरी होती. "मग नियमाने ती आत घेता येत नाही, मॅडम. तुम्हीच..."

"माहीत आहे. यादीतून काढ."

"आणि शनिवारी तुम्ही कशावर बोलणार? इतर पाच जणांचं आलंय. रुमालसुद्धा आलाय."

मी बोट ओठांवर ठेवलं. तिला वाटलं, महत्त्वाचा फोन आहे. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि आवाज न करता पेनाचं टोपण काढलं.

तिकडे टिल्लू उठला. नऊ पावलं, नळाकडे. कप विसळला, पालथा घातला. मग दुसऱ्या कुठल्याशा खोलीत गेला, आणि पावलं ऐकू येईनाशी झाली. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.